दुकानावरची एक ओळ
(व्यापारी ब्रीदवाक्यांचा अल्प इतिहास)

व्यापारी माणसाच्या लेखनाचा सारा पसारा म्हणजे वहीखाते, हुंडीचिठ्ठी, आडतियाला पाठवायचे पत्र आणि दुकानावरची पाटी. यांपैकी पहिल्या तिहींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चौथीकडे मात्र कोणी फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. वास्तविक पाहता व्यापाऱ्याने ग्राहकाला उद्देशून केलेले ते एकमेव जाहीर विधान होय. खातेवही आपण आपल्यासाठी लिहितो, पत्र एका इसमासाठी लिहितो, परंतु पाटीवरची, पिशवीवरची अथवा बिलावरची पाच-सहा शब्दांची ओळ रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचण्यास मोकळी असते आणि तीवरूनच अनोळखी माणूस आपली पायरी चढावयाची की नाही ते ठरवितो. संपादक मंडळाने व्यापाराच्या इतिहासावर काही लिहिण्याची सूचना केली, तेव्हा चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेल्या मजसारख्याने या ओळीचाच माग काढावा असे मनाशी ठरविले. मी इतिहाससंशोधक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तेव्हा दृष्टी दुकानदाराचीच राहणार.

कापडाच्या जाहिरातीचा आपल्या देशातील फार जुना पुरावा दगडावर कोरलेला आहे, ही गोष्ट आम्हा कापड व्यापाऱ्यांनी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. मध्य प्रदेशातील मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपूर, येथे एक शिलालेख सापडला. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणकरांची एक श्रेणी तेथे येऊन स्थायिक झाली. त्यांच्यातील काहींनी पुढे धनुर्विद्या, ज्योतिष असे इतर व्यवसाय पत्करले, परंतु श्रेणी एकत्र राहिली, सधन झाली आणि तिने मालव संवत ४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन ४३६-३७ च्या सुमारास, सूर्याचे देऊळ बांधले. पुढे संवत ५२९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला आणि वत्सभट्टी नावाच्या कवीकडून ही सारी हकीगत संस्कृत काव्यात रचून घेतली. देवळाच्या प्रशस्तीत विणकरांनी आपल्या मालाची प्रशस्तीही घालून घेतली आहे. तिचा आशय असा की, स्त्रीपाशी तारुण्य, रूप, सुवर्णहार, तांबूल, फुले सर्व काही असले तरी जोवर ती रेशमी वस्त्रांची जोडी नेसत नाही तोवर प्रियजनाच्या भेटीस जात नाही. त्याच्या जोडीला रेशमाच्या मऊ स्पर्शाची, रंगांच्या वैविध्याची आणि डोळ्यांना होणाऱ्या सुखाची वाखाणणी आहे.

व्यापारी नजरेने पाहिले तर या रचनेतील मर्म चटकन ध्यानात येते. विणकरांनी सूत किती नंबरचे, वीण किती दाट, यातले अवाक्षर काढलेले नाही. घेणाऱ्याच्या आयुष्यातील एक प्रसंग निवडला आणि त्या प्रसंगी आमच्या मालावाचून अडते, एवढेच सांगितले. लग्नाच्या बस्त्यासाठी येणाऱ्या मंडळींना आपण आजही हेच सांगत असतो, फक्त वत्सभट्टीसारखा कवी मिळत नाही.

महाराष्ट्रातील पुरावा याहूनही जुना आहे, पण तो निराळ्या जातीचा आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसरीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर किरकोळ खर्च भागावयाचा होता. येथे विणकरांनी स्वतःविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. राजाच्या जावयाने आपली रक्कम त्यांच्या हाती सोपविली आणि ती गोष्ट दगडावर कोरली गेली, एवढे पुरेसे होते. आपण ज्याला पत म्हणतो ती हीच. ओळ लिहिण्याची गरज पडते ती पत जेथवर पोहोचलेली नाही तेथल्या ग्राहकासाठी, हे येथे लक्षात ठेवावे.

मधला प्रदीर्घ काळ मी येथे सोडून देतो. अनोळखी ग्राहकाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात, मँचेस्टरचे कापड आगबोटीने मुंबईच्या बंदरात उतरू लागल्यावर. विणणारा कोण, विकणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. ताका उघडून पाहावा तर वरून गुळगुळीत आणि आत खळ भरलेली. चिनी मातीची खळ देऊन कापडाचे वजन वाढविण्याच्या मँचेस्टरी पद्धतीविषयी त्या काळी तक्रारींचा गदारोळ उठला होता. अशा वेळी मोठ्या पेढ्यांनी प्रत्येक ताक्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटविण्यास प्रारंभ केला. त्यावर लक्ष्मी असे, कृष्ण असे, हत्ती, वाघ, मोर असत, कधी राजेमहाराजे असत. ग्राहकाला अक्षरओळख नसली तरी चित्राची ओळख राही. खेड्यातून आलेला शेतकरी गिरणीचे नाव सांगत नसे, तो ‘वाघाचा छाप’ मागे. ‘छाप’ हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या लेबलांत आहे. एकही शब्द न लिहिता सांगितलेला हा संदेश होता आणि तो शंभर टक्के लक्षात राही.

चित्राची नक्कल होऊ लागली, मापात लबाडी होऊ लागली, तेव्हा सरकारला मध्ये पडावे लागले. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने कापडाच्या ताक्यावर त्याची लांबी वारांमध्ये स्पष्ट आकड्यांत छापणे बंधनकारक केले. माझ्या मते भारतीय कापडाच्या इतिहासातील हा अत्यंत महत्त्वाचा संदेश होय, आणि तो किती लहान! एक आकडा आणि एक शब्द. त्यात अलंकार नाही, परंतु गजाने मोजून खरे-खोटे करता येते. तोपर्यंत व्यापारी ‘उत्तम माल’ म्हणे आणि ग्राहक मान डोलावी. आता ग्राहकाच्या हाती मोजण्यासारखे काही आले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ च्या कापड नियंत्रण आदेशाने किंमतही ताक्यावर आली. १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली आणि वाराच्या जागी मीटर आला. माझ्या लहानपणी दुकानात म्हातारी माणसे वारानेच मागत आणि दुकानदार मनातल्या मनात हिशेब करून मीटरने फाडीत, हे आमच्या पिढीला चांगले आठवत असेल.

याच काळातील एक गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. जमशेटजी टाटांनी नागपूरला काढलेली कापडगिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, म्हणून गिरणीचे नाव पडले ‘एम्प्रेस’. याच जमशेटजींनी १८८६ साली कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘स्वदेशी’. नऊ वर्षांचे अंतर, मालक तोच, धंदा तोच. एका नावात सम्राज्ञी आणि दुसऱ्यात स्वदेश! वंगभंगाची चळवळ व्हावयास अद्याप जवळजवळ वीस वर्षे होती, १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी पेटावयाची होती. ग्राहकाच्या मनात काय रुजू लागले आहे हे व्यापाऱ्याच्या कानाला राजकारणाच्या आधी ऐकू येऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ‘स्वदेशी’ हे नावही होते आणि ब्रीदवाक्यही होते, त्यासाठी निराळी ओळ लिहावी लागली नाही.

मात्र शब्दाला भाव आला की त्याची भेसळ सुरू होते. गांधीजींच्या चळवळीने ‘खादी’ या शब्दाला जे तेज आले, त्याचा फायदा उठविण्यास गिरण्यांचे जाडेभरडे कापडही ‘खद्दर’ म्हणून बाजारात आले. शेवटी १९३४ साली ‘खद्दर’ या नावाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुती सुतापासून हिंदुस्थानातच हातमागावर विणलेले कापड तेवढे खादी, असा अर्थ त्यात बांधून दिला गेला. एका शब्दासाठी एक कायदा! आपल्याकडे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे खोटे मापतोल आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे हे दोन दोष पूर्वाचार्यांनी सांगून ठेवले आहेत. १८८९ चा कायदा पहिल्यासाठी आणि १९३४ चा दुसऱ्यासाठी, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. सरकारला ते उशिरा सुचले.

कापडाबाहेर पाहू जाता मराठी मुलखात संदेशलेखनाचे खरे शिक्षण दिले ते किर्लोस्करवाडीने. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी समजूत होती आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देणे हाच होता. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. शेतकऱ्याला नांगराचे पोलाद कोणते हे सांगण्यापेक्षा त्याच्या मनातील भीतीला उत्तर द्यावयास हवे, हे या मंडळींनी ओळखले. खबरीचे पुढे केवढे मोठे वाङ्मयीन मासिक झाले हे सर्वश्रुत आहे. नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेल्या पत्राने महाराष्ट्राला वाचनाची गोडी लावावी, हा आपल्या व्यापारी इतिहासातील एक भाग्याचा अध्याय होय.

आता आपल्या पेठांकडे वळू. ज्या ओळी आपण लहानपणापासून वाचत आलो त्या कोणी लिहिल्या याची कोठेही नोंद नाही. ‘घाऊक व किरकोळ व्यापारी’, ‘माफक दर, खात्रीचा माल’, ‘एकदा अवश्य भेट द्या’, ‘आज रोख उद्या उधार’, ‘एकच भाव’. या ओळी पेंटरच्या वहीतून एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर गेल्या. कापडवाला, भांडीवाला आणि किराणावाला तिघांच्याही पाटीवर ‘खात्रीचा माल’ असेल तर त्या खात्रीतून ग्राहकाला काहीच कळत नाही. यांतील ‘एकच भाव’ ही ओळ मात्र मी निराळी मानतो. घासाघीस हा ज्या बाजाराचा धर्म, तेथे हे दोन शब्द लिहिणे म्हणजे पुष्कळ गिऱ्हाईक गमाविण्याची तयारी ठेवणे होते. ज्यांनी लिहून पाळले त्यांच्याकडे पुढे लहान मुलाला चिठ्ठी देऊन कापड आणावयास पाठवू लागले. ज्यांनी लिहिले पण पाळले नाही, त्यांच्या पाटीकडे लोक वर पाहीनासे झाले.

पुण्याच्या पाट्यांचा विनोद सर्वत्र होतो. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. वरकरणी ती तुसडी वाटते, परंतु तिच्यात चार शब्दांत तीन गोष्टी येतात. आमच्या नावाने दुसरे कोणी दुकान मांडले असेल तर ते खोटे, मालक स्वतः येथेच गल्ल्यावर बसतो, आणि तुम्हाला हवे असेल तर येथेच यावे लागेल. नकारातून एवढे सांगणारी दुसरी ओळ मराठीत क्वचितच असेल. अर्थात ज्याच्या मालासाठी लोक रांग लावतात त्यालाच ती शोभते. आपल्यासारख्या लहान गावातील कापड दुकानदाराने ती उचलली तर लोक हसतील, शाखा काढतो कशाला म्हणून!

नभोवाणीने या कलेला नवे वळण लावले. विविध भारतीवरून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि प्रारंभ झाला तो मुंबई, पुणे व नागपूर या आपल्याच केंद्रांवरून. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ च्या जानेवारीत. वेळ सेकंदांच्या हिशेबाने विकली जाऊ लागताच शब्द आपोआप कमी झाले आणि कानाला धरून राहील असा ताल आला. आमच्या कापड धंद्यात या काळाची खूण म्हणजे ‘ओन्ली विमल’. धीरुभाई अंबानींची नरोड्याची गिरणी १९६६ सालची, विमल हे त्यांच्या पुतण्याचे नाव. मुंबईच्या जुन्या गिरण्या आपल्या मालाविषयी परिच्छेदच्या परिच्छेद छापीत असताना या मंडळींनी एका नावामागे एक शब्द जोडला, आणि गिऱ्हाईक दुकानात शिरताच कापडाचा पोत न विचारता नाव विचारू लागले. जिल्ह्याच्या दुकानदाराचे महत्त्व तेव्हापासून एका पायरीने कमी झाले, हे मात्र कबूल केले पाहिजे. आधी लोक दुकानाच्या भरवशावर कापड घेत, मग कापडाच्या नावावर दुकान निवडू लागले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या कितीतरी गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, आणि ज्या नावांवर आमच्या वडिलांच्या पिढीने डोळे मिटून माल विकला ती नावे ताक्यांवरून नाहीशी झाली.

मराठी उद्योजकांत विको कंपनीचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली परळला हा उद्योग सुरू केला. त्यांच्या हळदीच्या क्रीमचे ब्रीद असे की, हे औषधी द्रव्य आहे, कॉस्मेटिक नव्हे. ऐकणाऱ्याला वाटे की ही केवळ यमकाची गंमत. परंतु प्रसाधनावर अबकारी कर भारी आणि आयुर्वेदिक औषधावर हलका, त्यामुळे हेच विधान कंपनीला न्यायालयात वर्षानुवर्षे सिद्ध करावे लागले, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तेथेही कंपनीची बाजू ग्राह्य ठरली. चित्रपटगृहात प्रेक्षक जी ओळ गुणगुणत ती वकिलांच्या कागदांतही उभी राहिली. जाहिरातीतील शब्द शपथेवर सांगता आला पाहिजे, अशी कसोटी लावली तर आजच्या किती ओळी टिकतील याचा वाचकांनीच विचार करावा.

लहान धंद्याला हे सारे परवडते काय, असा प्रश्न समाजातील तरुण व्यापारी मला विचारतात. त्यांना मी लिज्जत पापडाची गोष्ट सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. १९६२ साली नाव हवे म्हणून त्यांनी आपसांत स्पर्धा घेतली, बक्षीस रुपये पाच. त्यातून ‘लिज्जत’ हा शब्द मिळाला. चव असा त्याचा सरळ अर्थ, आणि उच्चारताच तोंडाला पाणी सुटते. नावातच संदेश आला, त्यामुळे ऐकताच माल कोणता हे कोणाला समजावून द्यावे लागले नाही.

या पाच रुपयांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवतो. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगाव येथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या-चॉकलेटे होऊ लागली. त्यांतील ‘पान पसंद’ आणि तिची ‘पान का स्वाद, गज़ब की मिठास’ ही ओळ ठाऊक नाही असा आमच्या वयाचा माणूस विरळा. तोंड न रंगविता आणि सुपारी न चघळता पानाची हौस भागवावी, ही त्यातील युक्ती आपल्या घरांना विशेष मानवली. धंदा पुढे खालावला. २०२४ च्या फेब्रुवारीत रिलायन्सच्या कंपनीने या गोळ्यांची नावे, बोधचिन्हे आणि कृती सत्तावीस कोटी रुपयांस घेतली. जमीन, इमारती, यंत्रसामग्री मूळ कंपनीकडेच राहिली. घेणाऱ्याला हवे होते ते लोकांच्या जिभेवर राहिलेले शब्द.

बी.कॉम.च्या वर्गात आम्हाला गुडविलची व्याख्या शिकविली जाई. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी १८१० साली असे म्हटले की, जुने गिऱ्हाईक जुन्याच ठिकाणी परत येण्याची शक्यता म्हणजे गुडविल. पुढे हिशेबशास्त्राने त्यात पुष्कळ भर घातली, परंतु दुकानदाराला एवढी व्याख्या पुरते. गंमत अशी की स्वतः कमावलेली गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येत नाही, विकत घेतलेलीच दाखविता येते. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी पन्नास वर्षे पाळलेल्या एका ओळीची किंमत आपल्या वहीत शून्य, आणि ती ओळ घेणाऱ्याच्या वहीत कोट्यवधी. अनेक घराण्यांनी नवीन फर्निचर करताना जुन्या पाट्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या, त्यामागे ही शून्याची नोंदच असावी.

मराठी भाषेची म्हणून जी खास ओळ सांगावी ती ‘भिंतीवरी कालनिर्णय असावे’. जयंतराव साळगावकरांचे हे कॅलेंडर १९७३ पासून निघते. ‘भिंतीवर’ न म्हणता ‘भिंतीवरी’ म्हटले आणि घराघरांतील पाठांतराचा, श्लोकांचा सूर त्यात आपोआप आला. ‘विकत घ्या’ असा शब्दच नाही, ‘असावे’ आहे. देवघरात समई असावी, दारात तुळस असावी, त्या ओळीत जाऊन ते बसले. जळगावच्या भवरलालजी जैन यांच्या उद्योगसमूहानेही इंग्रजीत ‘स्मॉल आयडियाज, बिग रिव्होल्युशन्स’ असे ब्रीद घेतले, पण मराठीत त्याचा शब्दशः तर्जुमा केला नाही. ‘कल्पना कणापरी, ब्रह्मांडाचा भेद करी’ अशी स्वतंत्र ओळ घडविली. ठिबकाच्या थेंबाला ती शोभून दिसते. परक्या भाषेतील वाक्य उचलून त्यावर मराठी कपडे चढविले की ते अंगाबाहेर लोंबते, हे कापडवाल्याशिवाय कोण चांगले सांगू शकेल?

भिंतीवरच्या ओळींचा विषय निघालाच आहे तर एका तसबिरीविषयी लिहिणे भाग आहे. ग्राहक हा आपल्या जागेतील सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधी हे नाव, अशी तसबीर निम्म्या पेठेत टांगलेली दिसते. गांधीजींच्या संकलित वाङ्मयात हा मजकूर सापडत नाही. अशाच आशयाची वाक्ये १९४१ साली अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या नावे छापलेली आढळतात. विचार चांगला आहे, तो जरूर टांगावा. खालचे नाव तेवढे काढून टाकावे, कारण सचोटी सांगणाऱ्या वाक्यावर खोटी सही शोभत नाही.

आणि आता अगदी आपल्या घरची ओळ. जाहिरात म्हणून कोणी लिहीत नाही, पण कापड व्यापाऱ्याच्या हातून सर्वाधिक वेळा छापली गेलेली ओळ कोणती असेल तर ती बिलाच्या तळाशी असते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पिढ्यानुपिढ्या बिलबुक छापणारा न विचारताच ती जुळवीत असे. पाटीवर ‘ग्राहकांचा संतोष हाच आमचा नफा’ आणि बिलावर हे! ग्राहक घरी जाताना हातात राहते ते बिल, पाटी नव्हे.

या ओळीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. ‘पन्नास टक्के सूट’ हे वीतभर अक्षरांत आणि ‘पर्यंत’ हे मुंगीएवढ्या अक्षरांत रंगविणाऱ्या बांधवांनी २०२२ च्या जूनमध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वे आपल्या कर सल्लागाराकडून एकदा समजावून घ्यावीत.

गेल्या दिवाळीपूर्वी आमचे बिलबुक संपले तेव्हा या प्रश्नावर घरात चांगलीच चर्चा झाली. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की जुनी ओळ काढावी आणि जागा कोरी ठेवावी, कायद्याने जे मिळावयाचे ते ग्राहकाला मिळेलच, आपण होऊन कशाला सांगावे? नेसून झालेल्या साड्या परत येतील ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. सूनबाईंनी विचारले की, दोष कोणता आणि नापसंती कोणती हे ओळीतच का सांगू नये? मग त्या ओळीवर तीन संध्याकाळ गेल्या. ‘सदोष’ हा शब्द खेड्यातील गिऱ्हाइकाला पुस्तकी वाटेल म्हणून गेला. ‘तक्रार’ शब्दाने भांडणाचा वास येतो म्हणून तोही गेला. ‘कृपया’, ‘सन्माननीय’, ‘सेवेची संधी’ हे नेहमीचे मानकरी जागेअभावी गळाले. पैसे हवे असणाऱ्याला बदलीचा आग्रह करता येणार नाही म्हणून ‘बदलून अथवा पैसे परत’ असे दोन्ही ठेवले. सरतेशेवटी ठरले ते असे : ‘वीण, रंग किंवा मापात खोट निघाल्यास तीस दिवसांत बदलून अथवा पैसे परत. बिल आणावे.’

छापखान्याच्या मालकांनी कच्चा कागद पाठविला तेव्हा सवयीप्रमाणे ती तळाशीच, बारीक टाइपात घातली होती. धाकट्या बंधूंनीच पेन्सिलीने बाण काढून ती वर, दुकानाच्या नावाखालोखाल घ्यावयास लावली.